हलक्या गोधडीचा संशय

पांघरूण आधी उचलून बघायचं आणि मग अंगावर घ्यायचं, ही माझी माहेरची सवय. वडील चोपड्याकडचे कापूसवाले. दसऱ्यानंतर वेचणी सुरू झाली की मागची खोली पार छतापर्यंत कापसाने भरायची आणि आम्ही भावंडं दुपारी त्यावर लोळत पडायचो. त्यामुळे हातात घेतलं की कापूस जुना आहे की नवा, ओला आहे की सुका, त्यात कोणी काही मिसळलंय का, हे मला कळतं. निदान असं मी लग्न होऊन अमळनेरला आल्यापासून सगळ्यांना ऐकवत आले आहे. आमचे हे म्हणतात, कापसाचंच कशाला, तू माणसंसुद्धा उचलून बघतेस. हे धुळ्याला बँकेत आहेत, शनिवारी येतात, सोमवारी पहाटे जातात, म्हणून एवढं बोलायची हिंमत होते.

तर गेल्या डिसेंबरात मुलगा जर्मनीहून आला. त्याने बॅग उघडली आणि दाबून दाबून बसवलेलं एक पांढरं बोचकं बाहेर काढलं. ते हळूहळू फुगायला लागलं. बघता बघता अक्कांचा अख्खा पलंग भरून गेला. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या मनात पहिला आला तो संशयच. एवढी मोठी, एवढी फुगलेली गोधडी, आणि वजन दोन चादरींचंही नाही.

"यात काही नाहीच," मी म्हटलं.

मुलगा हसला. म्हणाला, आई, डुवे आहे ती, आजीसाठी आणली. मागच्या थंडीत व्हिडिओ कॉलवर त्याने आजीला दोन स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून बसलेली पाहिली होती आणि ते त्याच्या मनात राहिलं होतं. उन्हाळ्यात जीव काढणारा आमचा मुलूख थंडीतही कोणाला सोडत नाही, हे बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही. त्यात अक्कांना थंडी लागली की खोकला, आणि खोकला लागला की त्या बसूनच असतात.

डुवे. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, अजूनही शिकवते, पण हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघालेला नव्हता. कुठेतरी वाचला असेल आणि मोठी रजई असेल म्हणून पुढे गेले असेन. आता माझाच मुलगा माझ्याच घरात तो शब्द असा सहज वापरत होता, जणू त्याच्या लहानपणी आम्ही त्याला डुवेतच गुंडाळून ठेवायचो. मला ते खटकलं. खोटं कशाला बोलू.

मी विचारलं, आत काय भरलंय? तो म्हणाला, असेल काहीतरी सिंथेटिक, मी दुकानात विचारलं नाही. आता, जो मुलगा भाजीच्या जुडीतली एकेक काडी बघून घेतो, तो एवढी महाग वस्तू न विचारता घेईल? पण अक्का मध्ये पडल्या. "ऱ्हाऊ दे वं. पोऱ्यानी लई मायाथून आनी शे," असं म्हणून त्यांनी डुवेची घडी घालून ती आपल्या लोखंडी पेटीवर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का शेजारी गेलेल्या बघून मी ती पेटीवरून खाली घेतली आणि चारही बाजूंच्या शिवणी तपासल्या. शिवण सुरेख होती. पण एका कोपऱ्यात दोन दोऱ्यांची टोकं बाहेर आलेली होती. तिथे काहीतरी शिवलेलं होतं आणि ते कोणीतरी कात्रीने कापून टाकलं होतं. कपड्याला असते तशी पट्टी असणार. किंमत लपवायची असेल तर किमतीचा कागद फाडतात. शिवलेली पट्टी कोण कापतं? ज्याला आत काय आहे ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही, तोच. अक्कांना इंग्रजी वाचता येत नाही, मराठीसुद्धा अक्षर अक्षर लावून वाचतात. म्हणजे पट्टी कोणासाठी कापली, हे उघड होतं. या घरात पट्ट्या वाचणारी मी एकटीच.

मुलगा घरी असेपर्यंत मी काही बोलले नाही. बोलले नाही याला कारण होतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला एकदा त्याच्याशी व्हिडिओवर बोलताना त्याच्या मागे खुंटीवर मला एक कोट दिसला होता. तांबडा, कमरेत निमुळता, बायकांचा. मी विचारलं, कोणाचा? तो म्हणाला, सोबत राहणाऱ्या मित्राच्या बहिणीचा. मी विचारलं, मित्राची बहीण तुझ्या खोलीत कोट का ठेवते? मग आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या. आईने विचारू नये असं त्यात काही नव्हतं, असं मला तेव्हाही वाटत होतं. पण त्यानंतर सबंध पावसाळा त्याचा रविवारचा फोन आला नाही. मेसेज यायचे, कामात आहे, बरा आहे. रविवारी संध्याकाळी अक्का मोबाईल मांडीवर घेऊन बसायच्या आणि दिवेलागण झाली की तो चार्जिंगला लावायच्या. श्रावणातल्या ज्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते आणि सगळं घर गोळा होतं, त्या दिवशीसुद्धा तो फोनवर आला नाही. फोन पुन्हा सुरू झाले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि त्या कोटाचा विषय मग कोणी काढला नाही.

मुलगा परत गेला. डुवे आता दिवसा पलंगाच्या पायथ्याशी घडी घालून असायची. अक्का रोज संध्याकाळी ती पसरायच्या आणि सकाळी मी चहा घेऊन जायचे तेव्हा तिच्यातून नुसता चेहरा बाहेर काढून पडलेल्या असायच्या. मी विचारायचे, गरम वाटतं का? त्या म्हणायच्या, हो, मग. खोकला मात्र काही कमी झाला नव्हता. हेही मला खटकायचं. मग सिंथेटिकच असणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

एके दिवशी केर काढताना पेटीपाशी मला एक पांढरं पीस सापडलं. नखाएवढं. मऊ इतकं, की बोटांत धरल्याचं जाणवेना. मी वर कबुतरं आहेत का बघितलं. आमच्या सज्जात कबुतरं येत नाहीत, मी जाळी मारून घेतलीय. समोरच्या वहिनींच्या गच्चीवर कोंबड्या आहेत आणि त्या नाहीत म्हणतात, तेव्हा मी त्यांच्यावर संशय घेतला. पण कोंबडीचं पीस असं नसतं. दोन दिवसांनी आणखी एक सापडलं, तेही पेटीपाशीच. मग माझी नजर डुवेकडे गेली.

इथे एक सांगायला हवं. अक्का माळकरी आहेत. लग्नाआधीपासून त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मटण-मच्छी राहू द्या, अंड्याचं टरफल उंबऱ्याच्या आत आलेलं त्यांना चालत नाही. केक आला की आधी विचारतात. कातड्याची चप्पल घालत नाहीत, पायाला भेगा पडल्या तरी प्लास्टिकचीच घालतात. आमच्या ह्यांनी कातडी पट्टा एकदा चुकून देवघराच्या खुंटीला अडकवला, तर अक्कांनी तो काठीने उचलून बाहेर टाकला होता. आणि अशा बाईच्या अंगावर रोज काय पडत होतं?

मी कॉलेजातून येताना लायब्ररीतला जाड शब्दकोश घरी घेऊन आले. मोबाईलवर बघता आलं असतं, पण मोबाईलवर माझा विश्वास नाही, तो विचारलं ते सोडून भलतंच सांगतो. शब्दकोशाने सांगितलं ते असं: डुवे हा फ्रेंचांचा शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ पांघरूण नाहीच. मूळ अर्थ पिसं. तीही पंखाची नाहीत. पक्ष्याच्या छातीवर, वरच्या पिसांच्या खाली जी मऊ लव असते ती. फ्रेंचांनी तो उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांकडून उचलला आणि त्याच लोकांच्या त्याच शब्दावरून इंग्रजांनी आपला डाउन केला. म्हणजे पक्ष्याच्या अंगावरच्या लवेचं नाव आधी लवेने भरलेल्या गोधडीला पडलं, आणि पक्षी मागे राहून गेला.

मी वाचत गेले. मला अशा वाटेला लागायला फार वेळ लागत नाही. तिकडच्या थंड समुद्राच्या काठी एक बदक असतं. त्याची मादी अंडी घालायच्या वेळी स्वतःच्या छातीची लव चोचीने उपटते आणि घरट्यात अंथरते. माणसं ती काढून घेतात. पुन्हा उपटते, पुन्हा काढून घेतात. सगळ्यात भारी पांघरुणं त्या लवेची. हे वाचल्यावर मी पुस्तक उलटं ठेवलं आणि उठून पाणी प्यायले. मला त्या बदकाचं वाईट वाटलं आणि त्याहून जास्त मुलाचा राग आला.

पण मग शंका आलीच. शब्द जिथून निघाला तिथेच राहतो असं थोडंच आहे? फेदर हा इंग्रजांचा शब्द आणि आपला पत्र हा शब्द एकाच जुन्या मुळाचे. संस्कृतात पत्र म्हणजे पंख, पीस, झाडाचं पान, सगळंच. म्हणून पोस्टमन आपल्या दारात पिसं टाकून जातो असं कोणी म्हणत नाही. पेनचं मूळ लॅटिनमधल्या पिसात आहे, पण मी वर्गात ज्या पेनने हजेरी घेते त्यात पक्ष्याचा काही संबंध नाही. आणि त्याच शब्दकोशात खाली बारीक अक्षरात होतं की हल्ली डुवे कोणत्याही जाड, फुगीर पांघरुणाला म्हणतात, आत काहीही असो. इतकंच काय, कंटाळा आला म्हणून कामावर न जाता लोळत पडायच्या दिवसालाही तिकडे डुवे डे म्हणतात. आमच्याकडे त्याला दांडी म्हणतात.

तेव्हा शब्दाने संशय पक्का केला आणि पुरावा दिला नाही. दोन पिसं पुरावा होऊ शकतात, पण ती पेटीपाशी सापडली होती, पलंगाजवळ नाही. मग तिथे कुठून आली, हे मला सुटत नव्हतं. मुलाला विचारावं तर पावसाळा आठवत होता. अक्कांना सांगावं तर त्या आजवर पांघरलेल्या प्रत्येक रात्रीचा हिशोब देवाला देत बसतील, उपास धरतील, आणि नातवाने आणलेली वस्तू काठीने उचलून बाहेर टाकतील. मी स्वतःशी ठरवलं की ती उघडून बघायची. पिसं निघाली तर काढून टाकायची, आत आपला कापूस भरायचा, खोळ तीच ठेवायची आणि शिवून टाकायची. कोणाला काही कळणार नाही. या बेतावर मी फार खूश होते.

जानेवारीत अक्कांच्या भाचीच्या घरी, चोपड्याला, साखरपुडा होता. अक्का सकाळच्या एसटीने गेल्या आणि संध्याकाळच्या एसटीने येणार होत्या. मी कॉलेजला दांडी मारली आणि पिंजारी चाचांना फोन केला. आमच्या गल्लीत दर दोन-तीन वर्षांनी गाद्या-गोधड्या उसवून कापूस पुन्हा पिंजून भरतात. चाचांचे वडील कापूस पिंजायची धनुकली घेऊन यायचे, चाचा छोट्या टेम्पोवर मशीन घेऊन येतात. त्यांनी डुवे हातात घेतली, वरखाली केली आणि एकदम खात्रीने सांगितलं, सावरीचा कापूस आहे, मॅडम, सावरीचा असाच हलका असतो, पूर्वी उशांना भरायचे.

सावरीचा कापूस. झाडाचा. मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना आधी चहा केला. मग त्यांनी पात्याने शिवण उसवली. आत कप्पे होते, तेही उसवले. आतून पांढरे, भुरभुरीत, बोटाला न लागणारे गोळे निघाले. मी वाकून बघितलं. सावरीचा कापूस मी लहानपणी पाहिला होता, तो असाच दिसतो असं मला वाटलं. आपल्याला जे हवं असतं ते दिसायला लागलं की माझ्यासारखी बाईसुद्धा उचलून बघत नाही. चाचा म्हणाले, आता उघडलीच आहे तर एकदा मशीनमधून काढून देतो, दुप्पट फुलेल. मी म्हटलं, काढा.

त्यांनी मशीन सुरू केलं आणि दोन्ही ओंजळींनी ते आत घातलं.

पुढचं मी नीट बघू शकले नाही, कारण मला दिसतच नव्हतं. मशीनच्या दुसऱ्या तोंडातून पांढरा लोट निघाला आणि वर गेला. कापूस उडाला तरी खाली येतो. हे खाली येईना. ते गल्लीभर पसरलं, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलं, ज्वारीच्या पापडांवर बसलं, विजेच्या तारांवर बसलं. चाचांनी घाईघाईने बटण बंद केलं, पण पंखा थांबेपर्यंत उरलंसुरलंही गेलं. चाचांच्या दाढीत एक अडकलं होतं. मी ते काढून बघितलं. त्याला मधोमध बारीकशी काडी होती, दोन्ही बाजूंनी वळलेली लव होती. चाचांनीही बघितलं. त्यांनी फक्त "या अल्ला" म्हटलं आणि टेम्पोला टेकून उभे राहिले.

समोरच्या वहिनी गच्चीवरून खाली आल्या. एवढ्या वर्षांत आमच्या दारात यायला त्यांना असं निमित्त कधी मिळालं नव्हतं. त्यांनी आमच्या ओट्यावरून एक पीस उचललं, माझ्याकडे बघितलं आणि फार गोड आवाजात विचारलं की अक्का घरी नाहीत का. त्यांना काय वाटत होतं ते मला दिसत होतं. सासू गावाला गेली आणि सुनेने कोंबड्या कापल्या. मी काही सांगणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली आणि अक्का उतरल्या. भाचीचा दीर कामासाठी अमळनेरला येत होता, त्याने सोबत आणलं होतं.

अक्का पिसांतून चालत आल्या. काठी टेकत, सावकाश. त्यांच्या पदरावर, केसांवर, माळेवरही पिसं बसत होती. मी दारात हात जोडल्यासारखी उभी होते. आता त्या विचारणार, हे काय आहे. आणि मी काय सांगणार होते, ते माझं मलाच माहीत नव्हतं. त्या ओट्यावर बसल्या. रिकाम्या खोळीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "खोळ फाटनी नही ना?"

एवढंच. मी कितीही घाबरले होते, तरी माझं डोकं तिथे अडकलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलंच नव्हतं.

मी वहिनींना जवळजवळ हाताला धरून त्यांच्या घरी सोडलं, चाचांना टेम्पोपाशी थांबायला सांगितलं आणि येऊन अक्कांपुढे बसले. म्हटलं, अक्का, तुम्हाला माहीत होतं. त्यांनी पदरावरचं पीस उचलून बाजूला ठेवलं.

"पह्यलाच दिन देखं मी," त्या म्हणाल्या. "कोपराले पट्टी शिवेल व्हती. तिच्यावर बदकनं चित्र व्हतं. मीच कापी."

मग त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे, भाजी निवडताना सांगावं तसं. पट्टी त्यांनी चुलीत घातली होती. डुवे पांघरून त्या एकही रात्र झोपल्या नव्हत्या. रात्री मी झोपायला गेले की त्या ती उचलून पेटीवर ठेवायच्या आणि आपली जुनी गोधडी घ्यायच्या. सकाळी मी चहा घेऊन यायच्या आधी उठून पुन्हा पसरायच्या आणि तिच्याखाली, मध्ये आपली चादर घालून, जाऊन पडायच्या. पेटीपाशी पिसं का पडत होती आणि खोकला का थांबत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. त्या वयाची बाई, त्या थंडीत, रोज पहाटे माझ्यासाठी उठून अंथरूण बदलत होती.

मला आधी राग आला, आणि मग रडू आलं. मी विचारलं, मला सांगायचं ना. मी काही परकी आहे?

"तुले सांगं की तू त्याले फोन लावशी," अक्का म्हणाल्या. "कसाले आनी, कोनले इचारी आनी. पोऱ्याना ध्यानमा बी नही उनं व्हई बदकनं. पन तू इचारशी, मंग तो खोटं बोली, तू ते खोटं धरशी, आनि फोन बंद. पावसाळाभर फोन नही उना त्याना. मी कितला रविवार बसनू, ध्यानमा शे ना तुले?"

या घरात काहीतरी लपवलं जातंय हा माझा संशय अगदी खरा निघाला होता. घरातली सगळ्यात साधी बाई ते लपवत होती, आणि ते माझ्यापासूनच लपवत होती. नातवाचं मन, स्वतःची माळ आणि माझा स्वभाव, तिन्ही सांभाळत ती थंडीत खोकत पडली होती, आणि मी समोरच्या गच्चीवरच्या कोंबड्या मोजत होते. मला स्वतःची लाज वाटली. अजूनही वाटते.

अक्का उठल्या. खोळ हातात घेऊन त्यांनी ती उलटी-पालटी केली, आतून नीट झटकायला लावली, नळाखाली दोनदा धुवायला लावली. चाचा दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, बिचारे खाली मान घालून. माझ्या बेतासाठी भावाने आधीच सरकी काढलेला घरचा कापूस पाठवला होता, तो भरला. अक्का स्वतः बसून टाके बघत होत्या. त्यांची घाई एकाच गोष्टीची होती. रविवारी पोऱ्या फोन लावेल, त्याला ती पलंगावर दिसली पाहिजे.

गल्लीतली पिसं कोणाला गोळा करता आली नाहीत. पुढचे काही दिवस ती झाडाच्या बुंध्याशी, गटाराच्या कडेला सापडत राहिली. चिमण्यांनी ती चोचीत धरून वळचणीला नेलेली मी कॉलेजला जाताना बघायचे. समोरच्या वहिनींना मी खरं काय ते सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं.

रविवारी संध्याकाळी फोन आला. अक्का डुवे गळ्यापर्यंत ओढून बसल्या होत्या. नातवाने विचारलं, आजी, गरम वाटतं ना?

"भलती गरम शे रे भाऊ," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी ते खरं होतं. त्या खरोखरच घामेजल्या होत्या.

मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. मी पलंगाच्या कडेला बसले. मुलाची नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यावरून मागे होती. कपाळाला आठी घालून तो बघत राहिला. ती आठी मी आरशात रोज बघते.

"आई, ती इतकी जाड होती का?"

"ऊन दिलं," मी म्हटलं. "फुगली असेल."

मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मला खात्री होती की तो पुढचं विचारणार, आणि त्याला खात्री असावी की मी काहीतरी विचारणार. माझ्या मनात नेहमीसारखे चार-पाच प्रश्न होतेच. मी म्हटलं, जेवलास का? तो म्हणाला, हो. मी म्हटलं, बरं. आणि गप्प बसले. मला असं गप्प बसायची सवय नाही, म्हणून मी डुवेचं टोक हातात घेऊन बोटांनी कापूस चाचपत राहिले. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या.

पडद्यावर तो हलेना. मला वाटलं, नेट गेलं.

"आई," तो म्हणाला, "पावसाळ्यात तू तो तांबडा कोट बघितला होतास ना."